येणी कुठल्या रकान्यात लिहायची?

चिपळूणच्या बाजारपेठेतलं पुराचं पाणी ओसरल्यावर पहिलं मोठं भांडण लागलं ते कचऱ्यावरून. दारात डंपर आणि जेसीबी उभे. सफाई कामगार ओरडून सांगत होते, सगळं बाहेर काढा, रस्त्यावर टाका, आम्ही उचलतो, नाहीतर रोगराई होईल. त्यांचं बरोबर होतं. भिजून आंबलेला तांदूळ, फुटलेली औषधांची खोकी, वाहून आलेली मेलेली जनावरं आणि सगळ्यावर तांबडा गाळ. लेप्टोच्या भीतीने डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जात होत्या. आणि त्याच वेळी विमा कंपनीचा फोन: सर्व्हेअर येईपर्यंत मालाला हात लावू नका. नियमाने त्यांचंही बरोबर होतं. मधल्या मधे दुकानदार, हातात फावडं, चिखल पोटरीपर्यंत.

"ताई, हा माल राखून ठेवू म्हणता? नाक आहे ना तुम्हाला?" एका धान्य दुकानदाराने मला विचारलं होतं. नाक होतं. दोन मास्क लावूनही वास येत होता.

मी रत्नागिरीत करसल्लागार आहे. व्यापाऱ्यांची रिटर्न भरणं, हिशेब लावणं, नोटिशींना उत्तरं देणं हे रोजचं काम. 2021 च्या जुलैअखेरीस आम्ही काही जण चिपळूणला गेलो. फावडी घेऊन आलेली पोरं महाराष्ट्रभरातून जमली होती आणि ती आमच्यापेक्षा कितीतरी कामाची होती. आम्ही चिंचनाक्याजवळ वरच्या मजल्यावरच्या एका क्लासच्या खोलीत बाकं जोडून बसलो आणि लोकांचे अर्ज भरून द्यायला लागलो. कुणी विचारलं तर सांगायचो, हमाली आम्हीही करतोय, फक्त कागदांची.

22 जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी शहरात शिरलं होतं. घाटमाथ्यावर त्या दिवसांत पाऊस असा, की महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर नोंदला गेला. खाली खाडीला भरती. शिवाय कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडणारं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे ते केव्हा सोडलं, किती सोडलं, यावर चिपळूणकर आजही तासभर वाद घालू शकतात. मी त्या वादात पडत नाही. मला तिथे जे दिसलं ते असं: 26 जुलै 2005 च्या पुराची खूण अनेकांनी भिंतीवर जपून ठेवली होती आणि त्या खुणेच्या हिशेबाने फळ्या, माळे, मीटरची पेटी वर चढवली होती. रात्री पाणी वाढतंय म्हटल्यावर माणसांनी माल त्या खुणेच्या वर टाकला आणि निर्धास्त होऊन घरी गेली. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दुकानं आधीच कितीतरी दिवस बंद होती. गणपती 10 सप्टेंबरला होते, चाकरमानी येणार म्हणून माल भरायला सुरुवात झालेली. वर्षातला धंद्याचा काळ तोच.

कचऱ्याच्या भांडणावर आम्ही काढलेला तोडगा साधा होता. आधी शटर आणि दुकानाची पाटी एकाच फोटोत. मग भिंतीवरची गाळाची रेघ, तिच्या शेजारी मोजपट्टी धरून. मग फळीवार माल. मग प्रत्येक प्रकारातला एखादा नग पोत्यात घालून गच्चीवर. आणि एवढं झालं की जेसीबीला रस्ता. तारीख आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारं अॅप पोरांनी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. ज्यांचे मोबाइलच बुडाले होते त्यांचे फोटो आम्ही आमच्या फोनवर काढले. माझ्या फोनमध्ये अजून कितीतरी अनोळखी दुकानांच्या पोटातले फोटो आहेत. एक कापडाचा तागा चिखलाने इतका जड झालेला, की तो ओढायला तीन पोरं लागलीत. दुकानाचे मालक फोटोत नाहीत. ते बाहेर पायरीवर बसले होते आणि आत यायला तयार नव्हते.

पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांबद्दल लोक बरंच बोलतात. मी पाहिले ते थकलेले, बाहेरच्या तालुक्यांतून बोलावलेले, स्वतःचे बूट चिखलात सोडून चपलांवर फिरणारे लोक होते. त्यांच्याजवळचा नमुना मात्र त्यांनी केलेला नव्हता. दुकानदारासाठी शासनाने ठरवलं होतं: प्रत्यक्ष नुकसानीच्या 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 50,000 रुपये. टपरीवाल्यासाठी 75 टक्के किंवा 10,000. परवाना हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं. आता यातली गंमत बघा. 66,667 रुपयांचं नुकसान झालं की 50,000 ची मर्यादा गाठली जाते. त्यापुढे तुमचं नुकसान सत्तर हजारांचं असो की तीस लाखांचं, हातात येणारी रक्कम एकच. पण नुकसान किती ते मात्र नगानिशी लिहून द्यायचं. एक हार्डवेअरवाले काका स्क्रूच्या साइझनुसार यादी करत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, दोन पानं पुरेत, मर्यादा केव्हाच ओलांडलीत." ते म्हणाले, "शासनासाठी नाही करत. मला कळायला पाहिजे ना काय गेलं ते." आणि पुढच्या पानावर बिजागऱ्या लिहायला घेतल्या.

शासनाची बाजूही सांगितली पाहिजे. आपत्तीच्या मदतीचे केंद्राचे जे निकष आहेत, त्यांत पिकं आहेत, जनावरं आहेत, घरं आहेत, मच्छीमारांच्या होड्या-जाळी आहेत, कारागिरांची हत्यारंसुद्धा आहेत. दुकान नाही. दुकानदाराला जे मिळालं ते राज्याने आपल्या खिशातून दिलं. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत दिलं, तेव्हाही आकडा 50,000 च होता. कपडे-भांड्यांच्या मदतीला केंद्राची अट अशी, की घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असलं पाहिजे. चिपळुणात पाणी दुसऱ्या दिवशी उतरायला लागलेलं. ती अट राज्याने सोडली आणि कुटुंबामागे 10,000 दिले. हे सगळं पटकन झालं असं म्हणवत नाही, पण झालं.

खरी आशा होती विम्यावर, आणि खरा भ्रमनिरासही तिथेच. ज्यांचं बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खातं होतं, त्यांचा मालाचा विमा बँकेनेच काढलेला असतो. हप्ता खात्यातून परस्पर जातो, पॉलिसी बँकेच्या फायलीत. दुकानदाराने ती कधी उघडून पाहिलेली नसते. आम्ही त्या पॉलिसी मागवून वाचायला बसलो तेव्हा एकेक निघायला लागलं. एकाच्या पॉलिसीत दुकानाचा पत्ता होता, पण मागच्या गल्लीतल्या गोडाऊनचा नव्हता. माल सगळा गोडाऊनमध्ये. दुसऱ्याच्यात आग होती, चोरी होती, पूर नव्हता. आणि बहुतेकांच्यात विम्याची रक्कम मालाच्या किमतीची नव्हे, कर्जाच्या रकमेची. ही शेवटची गोष्ट किती महागात पडते ते समजावून सांगताना माझा घसा बसला. समजा दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि विमा 5 लाखांचा. पुरात 12 लाखांचा माल गेला. माणसाला वाटतं, निदान 5 लाख तरी येतील. कंपनी म्हणते, तुम्ही चौथाईच विमा उतरवलात, तर नुकसानही चौथाईच भरू: 3 लाख. त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आली होती आणि तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. पण इथे तूट पंधरा टक्क्यांची नव्हतीच. आणि बऱ्याच जणांच्या पॉलिसी एप्रिलच्या आधीच्या.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या धंद्यातल्या माणसाने लिहू नये अशी रीत आहे. विमा कमी का होता? कारण वहीतला माल आणि माळ्यावरचा माल यांत पुष्कळांच्या बाबतीत अंतर होतं. कर वाचवायला वर्षानुवर्षं स्टॉक कमी दाखवला की तो बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये एका आकड्याचा, आयकराला दुसऱ्या आणि खरोखरच्या फळीवर तिसऱ्या. कोरड्या दिवसांत हे तिन्ही आकडे सुखाने नांदतात. सर्व्हेअर येतो तेव्हा तो तिघांनाही समोरासमोर बसवतो. "मॅडम, माल तर होता हो, सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे," असं एक गृहस्थ काकुळतीने सांगत होते. होताच. मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकत नव्हते, कारण सर्व्हेअरने त्यांच्याच सहीचं स्टेटमेंट पुढे ठेवलं होतं.

उलट बाजूही आहे. ज्या जीएसटीला चार वर्षं शिव्या घातल्या, तोच कित्येकांचा सर्वांत भक्कम साक्षीदार ठरला. बिलं वाहून गेली, कॉम्प्युटर चिखलात, टॅलीचा बॅकअप घेतलेला पेनड्राइव्ह गल्ल्यातच. पण पुरवठादारांनी भरलेली खरेदीची नोंद जीएसटीच्या पोर्टलवर 2ए या विवरणात शाबूत होती. पासवर्ड आठवेना त्यांचा ओटीपी मागवून आम्ही एकेका दुकानाची खरेदी छापून काढली. छापील पानं बघून एका भांडीवाल्यांच्या तोंडावर आलेलं हसू मला त्या दिवसांत मिळालेली बहुधा एकमेव फी. पण ज्यांची उलाढाल 40 लाखांच्या आत, त्यांना नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्यांचा साक्षीदारही नाही. म्हणजे जितका धंदा लहान, तितका पुरावा कमी. शिवाय जीएसटीने एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलंच. कायद्याच्या कलम 17(5) मध्ये असं आहे, की माल नष्ट झाला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करायचं. लाखाच्या मालावर 18 टक्के कर असेल तर माल गेला तो गेलाच, वर 18,000 सरकारला भरा. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या प्रत्येकाला आधी वाटलं मी चेष्टा करतेय.

कागदात न बसणाऱ्यांची रांग वेगळी होती. एका शिंप्याच्या दुकानातलं मशीन सोडलं तर त्याचं स्वतःचं काहीच गेलं नव्हतं. गेली ती गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेली कापडं. घरी पापड-मसाले करणाऱ्या बायकांना धंदा असा नव्हताच, कारण गुमास्ता परवाना नव्हता. त्यांचं मसाला कुटायचं डंकन घरगुती सामानात धरलं गेलं. कुणाची पिढ्यानपिढ्याची जागा, पण भाडेपावती तिसऱ्याच्या नावाची.

त्यातल्या एका मूर्तिकाराचा अर्ज भरणं मला सगळ्यांत जड गेलं. शहरालगतच्या वाडीत त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. कोकणात मूर्ती दुकानात जाऊन निवडायची नसते. घराण्याचा पाट जुलैच्या आसपास मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, त्याच पाटावर त्याने मूर्ती घडवायची, चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोक्यावरून घरी आणायची. पाटाच्या पोटाला रंगाने घरमालकाचं नाव किंवा खूण केलेली असते. शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळून गेल्या होत्या. जमिनीवर तांबड्या गाळावर शाडूचा पांढरट थर, पाऊल टाकलं की घसरायला व्हायचं. आणि पाट पाण्यावर तरंगत निघून गेलेले; काही कुंपणाला अडकलेले सापडले, काही पार दुसऱ्या वाडीत.

तलाठीभाऊंनी विचारलं, "मूर्ती किती होत्या? दर काय लावू?"

"दर कसला लावताय? रंग झाल्यावर, डोळे आखल्यावर मूर्ती. आत्ता ती मातीच होती."

"मग नुकसान काय लिहू, काका?"

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाट लिहा. लोकांचे पाट गेले माझ्याकडून."

पाट त्यांचे नव्हते, त्यामुळे ते लिहिता येत नव्हते. बयाणा घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे ऑर्डरचा पुरावा नाही. नावांची वही भिजून तिचा लगदा झालेला. शेवटी आम्ही शाडूची पोती, रंग, ब्रश, कॉम्प्रेसर आणि दोन कारागिरांची महिन्याची मजुरी असा हिशेब बसवला. मजुरी वरच्या पातळीवर कापली गेली, कारण मजुरी म्हणजे माल नव्हे. त्यांनी त्या वर्षी पेणहून कच्च्या मूर्ती उधारीवर आणल्या, रात्री जागून रंगवल्या आणि चतुर्थीला बहुतेकांना दिल्या. नवीन पाटांचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत, असं मागाहून कळलं. म्हणजे मिळालेल्या मदतीतून त्यांनी आणखी खर्चच काढला.

उधारीवरून आठवलं. या सगळ्या नमुन्यांत, फॉर्मांत, क्लेममध्ये मला सतत खटकत राहिलं ते हे, की दुकान म्हणजे फळीवरचा माल असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं. गावातल्या दुकानाचं अर्धं भांडवल फळीवर नसतंच. ते लोकांकडे येणं असतं. पेठेत एक किराणा दुकान दोन जावा मिळून चालवतात. त्यातल्या थोरल्या वहिनींनी मला नुकसानीची यादी लिहून दिली, साखर, गूळ, तेलाचे डबे, सगळं नीट. मग म्हणाल्या, "आणि येणी कुठे लिहू?" लाल वही गेली होती. घरांची खाती, हॉटेलांची खाती, एका शाळेच्या पोषण आहाराचं बिल. पंचनाम्यात तो रकानाच नाही. विम्यात मालाची पॉलिसी आहे, वहीची नाही. मी म्हटलं, आठवून लिहून ठेवा, वसुलीला उपयोगी पडेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं शहरातल्या माणसाकडे बघतात. "मागू कोणाकडे? त्यांच्या घरात काय कोरडं होतं?"

पुढे काय झालं तेही त्यांनीच सांगितलं. काही जण आपणहून आले आणि आपला आकडा स्वतः सांगून गेले, त्यातल्या एक-दोघांचा आकडा वहिनींना आठवत होता त्याहून मोठा. काही जण दुकानासमोरचा रस्ता बदलून जायला लागले. दोन्हींची नावं त्यांना पाठ आहेत, पण नवी वही घातली ती दोन्हींसाठी.

देण्यांचंही तसंच. पेठेला माल येतो मुंबईहून आणि घाटावरून, कोल्हापूर, कराडकडून. घाऊक व्यापाऱ्यांचं देणं प्रत्येकाच्या डोक्यावर. शासनाची मदत खात्यावर जमा व्हायच्या आधी पेठ पुन्हा उभी राहिली ती या लोकांच्या जिवावर, हे मी छातीठोक सांगू शकते. 'जुनं राहू दे, नवं रोखीने न्या' हा त्यांचा साधारण तोडगा. काहींनी नव्यालाही थांबायची तयारी दाखवली. काहींनी पुराची बातमी ऐकून दुसऱ्याच दिवशी चेक बँकेत टाकले, त्यांचीही नावं पेठेला पाठ. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची फेररचना करता येते, हप्ते पुढे ढकलता येतात, तशी झालीही. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे अनेकांना पहिलं स्टेटमेंट आल्यावर कळलं. कित्येकांनी आदल्या वर्षी कोरोनाचं हमीवालं आपत्कालीन कर्ज घेतलं होतंच. त्यावर हे. मदत म्हणून कर्ज मिळतं तेव्हा तिला मदत म्हणावं का, हा प्रश्न मी त्या वेळी मोठ्याने विचारला नाही.

जुन्या कपड्यांच्या ढिगाबद्दल फार लिहीत नाही. राज्यभरातून मदत म्हणून आलेले, रस्त्याच्या कडेला भिजून पडलेले शर्ट, त्यांत पार्टीचे गाऊन आणि एक सूट. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण कापडाच्या दुकानाचा मालक त्या ढिगावरून चालत आपल्या दुकानाकडे जाताना मी पाहिलाय. ज्यांनी वायरमन पाठवले, पंप पाठवले, एका मंडळाने तर फ्रीज दुरुस्त करणारे दोन मिस्त्री पाठवले, त्यांना लोक अजून विचारतात.

डिसेंबरात शहरात साखळी उपोषण सुरू झालं. चिपळूण बचाव समितीचं म्हणणं, नद्यांतला गाळ काढा आणि पूररेषा मागे घ्या. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नकाशावर ठेवल्या की बाजारपेठेतलं काही शिल्लकच राहत नाही. गाळाचं काम पुढे सुरू झालं, जलसंपदा खात्याची यंत्रं आली, नाम फाउंडेशनची आली. रेषांचा वाद लांबत गेला. मला व्यापाऱ्यांचं म्हणणं कळतं आणि रेषा आखणाऱ्यांचंही. घर रेषेत आलं की ते बांधायला परवानगी मिळणं अवघड आणि विकायला गिऱ्हाईक नाही. पण पाणी रेषेला विचारून येत नाही, हे दोनदा पाहिलेलं गाव आहे ते.

हल्ली मे महिन्यात चिपळूणचे फोन येतात. पॉलिसी वाचून दाखवा म्हणतात. मी तीनच गोष्टी बघते: पूर आहे का, गोडाऊनचा पत्ता आहे का, रक्कम खऱ्या मालाएवढी आहे का. परवा एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराला म्हटलं, तुमचा विमा अजून दहा लाखांनी कमी आहे.

"वाढवा की मग. हप्ता किती वाढेल?"

मी अंदाज सांगितला. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"चालेल. पण ताई, बँकेला कळू देऊ नका माल एवढा आहे ते. मॅनेजर लगेच सीसी वाढवून घ्या म्हणून मागे लागेल."

मी म्हटलं, बँकेला कळल्याशिवाय ते होत नाही. पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं, आणि स्टॉक स्टेटमेंटचा आकडा याच्याशी जुळला नाही तर पुन्हा तेच रामायण. मग जून उजाडेपर्यंत विचार करतो म्हणाले. अजून फोन आलेला नाही.